बॅकबोन, पिलर आणि तिवडा: आधाराच्या शब्दांची शिरूर-दौंडची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की शब्दांचा इतिहास आणि गावाचा इतिहास एकाच भागात घेता येईल का. आज तेच करायचंय. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

सुरुवात फ्लेक्सपासून करू. शिरूरच्या बसस्टँडजवळ किंवा दौंडच्या कुठल्याही चौकात उभे राहा आणि वर बघा. वाढदिवसाच्या प्रत्येक फ्लेक्सवर एक ओळ हमखास असते, ‘आमचे आधारस्तंभ’. आता खिशातला फोन काढा आणि स्टेटस बघा. वडिलांच्या फोटोखाली ‘माय बॅकबोन’, आईच्या फोटोखाली ‘माय सपोर्ट सिस्टीम’, जिगरी दोस्ताच्या फोटोखाली ‘माय पिलर’, आणि लग्नाच्या वाढदिवसाला ‘माय अँकर’. इंग्रजी पेपर वाचणाऱ्यांना आणखी दोन माहीत असतील, ‘मेनस्टे’ आणि ‘लिंचपिन’.

अर्थ सगळ्यांचा साधारण एकच. ज्याच्या जिवावर बाकी सगळं उभं आहे, तो. पण हे शब्द आले कुठून? आणि ज्याला आपण हा शब्द लावतो त्याच्यावर नेमकं किती वजन पडतं? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर आपल्याच दोन तालुक्यांनी १८७५ साली फार महागात शोधलं होतं. तिथं आपण पोचणारच आहोत.

आधी ‘सपोर्ट’ घेऊ. हा मूळचा लॅटिन. त्यातला पहिला तुकडा म्हणजे ‘खालून’ आणि दुसरा म्हणजे ‘वाहून नेणं’. सपोर्ट म्हणजे खालून वाहणं. स्टेशनवरच्या हमालाला इंग्रजीत ‘पोर्टर’ म्हणतात, तो शब्दही याच धातूचा. म्हणजे जो सपोर्ट करतो तो मुळात हमाली करतो. शब्द गोड वाटत असला तरी त्याच्या पोटात ओझं आहे, एवढं आत्ता लक्षात ठेवा.

‘मेनस्टे’ हा खलाशांचा शब्द. शिडाच्या जहाजाची जी मुख्य डोलकाठी असते, तिच्या शेंड्यापासून पुढच्या बाजूला खाली एक जाड दोरखंड ताणून बांधलेला असायचा. तो मेनस्टे. तो तुटला तर डोलकाठी मागे कलंडणार. इंग्रजांचं निम्मं आयुष्य समुद्रावर गेलेलं, त्यामुळे घरातल्या कर्त्या माणसालाही ते त्या दोराचं नाव देऊ लागले.

‘अँकर’सुद्धा जहाजाचाच. मूळ ग्रीक, मग लॅटिन, मग इंग्रजी. त्याचा जुना अर्थ ‘वाकडा’, ‘आकड्यासारखा’. आपल्याकडे याच मुळातून आलेला शब्द आहे अंकुश. हत्तीला आवरायचा आकडा आणि जहाजाला थांबवायचा आकडा हे भाऊ-भाऊ निघाले.

आता गंमत बघा. अँकरला मराठीत काय म्हणतात? नांगर. कोकणात ‘नांगर टाकला’ म्हटलं की होडी थांबली. शिरूरमध्ये ‘नांगर धरला’ म्हटलं की काम सुरू झालं. एकच शब्द एकीकडे थांबवतो आणि दुसरीकडे चालवतो, हे कसं? कारण मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. शेतातला नांगर संस्कृतातल्या ‘लाङ्गल’वरून आला. जहाजाचा नांगर फारसीतल्या ‘लंगर’वरून आला आणि उच्चार जवळचा म्हणून शेतातल्या नांगरात मिसळून गेला. हिंदीत आजही जहाजाच्या नांगराला लंगरच म्हणतात.

आणि लंगर म्हटल्यावर दौंड-बारामतीकडच्या श्रोत्यांना जेजुरी आठवली असणार. खंडोबाचे वाघे लंगर तोडतात, म्हणजे लोखंडी साखळी तोडतात. मराठीत लंगर म्हणजे जाड साखळी. म्हणजे एकाच शब्दाच्या एका टोकाला जहाज सुरक्षित ठेवणारा नांगर, आणि दुसऱ्या टोकाला झटक्यात तोडायची बेडी. आधार आणि बेडी हे इतके शेजारी राहतात. हेही लक्षात ठेवा.

पण आपण समुद्रावरची माणसं नाही. शिरूर आणि दौंड म्हणजे पुणे जिल्ह्याची पूर्वेकडची, कमी पावसाची बाजू. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्या वाहतात खऱ्या, पण धरणं आणि कालवे येण्याआधी ही बाजरी-ज्वारीची कोरडवाहू जमीन होती. मग आपल्याकडे ‘मेनस्टे’ला शब्द काय?

माझ्या आजीच्या तोंडी एक शब्द होता, तिवडा. आज पंचविशीतल्या कुणाला विचारलं तर बहुतेक माहीत नसेल, म्हणून सांगतो. सुगी झाली की खळं करायचे. जमीन चोपून, शेणानं सारवून गोल अंगण तयार करायचं. त्याच्या बरोबर मधोमध एक लाकडी खांब रोवायचा. तो तिवडा. काही गावांत त्याला मेढ किंवा मेढा म्हणतात. कणसं पसरायची, बैल एका रांगेत जोडून त्या खांबाला बांधायचे आणि गोल गोल फिरवायचे. बैलांच्या पायाखाली दाणे सुटायचे. आता मळणीयंत्र येतं आणि तासाभरात काम उरकून जातं, त्यामुळे खांब गेला आणि शब्दही चालला.

हा खांब स्वतः काहीच करत नाही. हलत नाही, दळत नाही. पण तो उखडला तर बैल भरकटणार, वर्तुळ मोडणार आणि वर्षाचं धान्य मातीत जाणार. ‘मेनस्टे’ला याहून नेमका देशी शब्द मिळणार नाही.

आणि ही माझी कल्पना नाही बरं का. ‘मेढी’ हा शब्द प्राकृतात जुना आहे. अर्धमागधी भाषेत जैनांचा ‘उवासगदसाओ’ नावाचा ग्रंथ आहे, त्यात महावीरांच्या गृहस्थ अनुयायांच्या कथा आहेत. त्यातला पहिला गृहस्थ आनंद हा आपल्या कुटुंबाची ‘मेढी’ होता असं वर्णन येतं. म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाला खळ्यातला खांब म्हणायची पद्धत आपल्याकडे इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. त्यांनी जहाजावरून शब्द उचलला, आपण खळ्यावरून. ज्याचं पोट जिथं भरतं, तिथून त्याचा आधाराचा शब्द येतो.

‘खांब’ हा शब्दही असाच जुना. संस्कृतात ‘स्कम्भ’, त्याचं प्राकृतात ‘खंभ’, मराठीत खांब. अथर्ववेदात स्कम्भसूक्तच आहे, त्यात सगळं विश्व तोलून धरणाऱ्या खांबाची कल्पना आहे. फ्लेक्सवरचा ‘आधारस्तंभ’ एवढ्या लांबून चालत आलाय. खाली कुणाचा फोटो लावलाय हा वेगळा विषय!

बरं, मग इंग्रजी आमच्याकडे कधी पोचली? तर शिरूरला फार लवकर. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. त्या फौजेची मोठी छावणी घोडनदीच्या काठी, शिरूरला पडली. म्हणूनच जुनी माणसं आजही शिरूरला ‘घोडनदी’ म्हणतात. तहात भाषा आधाराचीच होती. पेशव्याच्या गादीला फौजेचा टेकू मिळणार होता. १८१८ मध्ये गादीच गेली. टेकू देणाराच घराचा मालक झाला.

शिरूरच्या छावणीची एक आठवण मात्र वेगळी आहे. कर्नल विल्यम वॉलेस नावाचा अधिकारी १८०९ मध्ये इथं वारला. त्याच्या कबरीला आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून मानू लागले आणि सुगीच्या वेळी पहिल्या धान्याचा नैवेद्य तिथं येऊ लागला. ही गोष्ट इंग्रजांनी स्वतःच्या गॅझेटियरमध्ये नोंदवून ठेवली आहे. गावाला आधार हवा असतो, तो कुठल्या वंशाचा आहे हे गाव विचारत बसत नाही.

मग शब्दकोश आले. जेम्स मोल्सवर्थ हा मूळचा फौजेतला माणूस. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये छापला गेला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. त्याचा साथीदार थॉमस कँडी, त्याचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. आज आपण एखादा जुना मराठी शब्द मोबाईलवर शोधतो तेव्हा बऱ्याचदा मोल्सवर्थच समोर येतो. पुढं रेल्वे आली. १८५८ मध्ये पुण्याच्या पूर्वेला रूळ गेले आणि दौंड त्या रस्त्यावर आलं. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘धोंड’.

‘स्टेशन’ हा शब्द आम्ही तेव्हाच घेतला. खरं तर तो परका नाहीच. स्टेशन, स्टेबल, स्टँड या सगळ्यांच्या मुळाशी ‘उभं राहणं’ आहे आणि आपले स्थान, स्थिर हे शब्द त्याच घराण्यातले. बैलगाडीचंही तसंच. गाडीचा ‘आस’ आणि इंग्रजी ‘ॲक्सल’ एकाच मुळाचे. बैलाच्या मानेवरचं ‘जू’ आणि इंग्रजी ‘योक’ही एकाच मुळाचे. त्या आसाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून जी खीळ ठोकतात, तीच ‘लिंचपिन’. शिरूरच्या बैलगाडा घाटात वाढलेल्या पोराला हा शब्द एका मिनिटात समजेल. खीळ बोटभर असते, पण ती निघाली की गाडी गेली.

आता शेवटची जोडी, आणि ती फार महत्त्वाची आहे. इंग्रजी ‘बॉण्ड’ आणि आपला ‘बंध’ एकाच मुळाचे, अर्थ बांधणं. इंग्रजी ‘क्रेडिट’ आणि आपली ‘श्रद्धा’ एकाच मुळाच्या, अर्थ विश्वास ठेवणं. आणि ‘सावकार’? त्यातला ‘साव’ म्हणजे साधू, सज्जन, चोराच्या उलट. तीन शब्द, तिन्ही विश्वासाचे. हे तिन्ही शब्द घेऊन चला आता १८७४ च्या डिसेंबरमध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा सैल झाला, सावकार सहज कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमाराला सरकारनं शेतसाऱ्याची नवी आकारणी केली आणि सारा एकदम वाढवला. सारा रोख भरायचा, तोही ठरल्या तारखेला. पीक येवो न येवो. मग शेतकरी जाणार कुठं? सावकाराकडेच.

जुन्या काळीही सावकार होताच. पण तेव्हा त्यालाही गावात राहायचं होतं, चार माणसांच्या शब्दाचं बंधन होतं. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असा रिवाज होता. इंग्रजी राज्यात गावाचा शब्द मागे पडला आणि कागद पुढे आला. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला. कर्जरोखा तीनच वर्षं चालणार, असं ठरलं. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरायचं, ही पद्धत पडली. ज्याला वाचता येत नाही त्यानं अंगठा द्यायचा. कोर्ट फक्त कागद बघायचं. बंधाचा बॉण्ड झाला, आणि विश्वास होता तिथं अंगठा आला.

करड्यात काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या कर्जापोटी जप्तीचा हुकूम मिळवला. गाव चिडलं. पण करड्यानं हाणामारी केली नाही. बहिष्कार टाकला. सावकारांची शेतं कसायची नाहीत, त्यांच्या दुकानात जायचं नाही, न्हाव्यानं हजामत करायची नाही, घरचं काम करायचं नाही. विचार करा, गावात सगळ्यात भक्कम खांब कोणता वाटत होता? सावकार. आणि त्याला कळून चुकलं की तो स्वतः किती हातांवर उभा होता. पाणी भरणारा, शेत कसणारा, दाढी करणारा. हे सगळे बाजूला झाले तेव्हा खरा आधार कोण कुणाला देत होतं हे उघडं पडलं.

बहिष्काराची बातमी आजूबाजूला पसरली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या आठवडी बाजारात तिचा भडका उडाला. भीमथडी हे जुनं नाव. भीमेकाठच्या ज्या तट्टांवर मराठी घोडदळ चालत होतं, ती इथलीच. आजचा दौंड तालुका या जुन्या भीमथडीतच येत होता, सुपे आता बारामती तालुक्यात आहे. जमावानं सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाचे कागद मागितले. मिळाले ते जाळले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हेच झालं. बहुतेक ठिकाणी कागद हातात पडले की जमाव पांगायचा. त्यांना जीव घ्यायचा नव्हता, रोखा जाळायचा होता. हे खरं असलं तरी दुसरी बाजूही खरी आहे. रोख मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. घरं लुटली गेली, काही ठिकाणी मारहाण झाली, आणि त्या घरांतल्या बायका-पोरांनी त्या रात्री काय सोसलं असेल याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. सारा वाढवणारं सरकार मात्र जमावाच्या हातापासून लांबच राहिलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

सरकारनं पोलीस आणि लष्कर आणलं, धरपकड केली, मग आयोग नेमला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. त्यात एक मोठी गोष्ट होती. कोर्टानं नुसता कागद बघायचा नाही, कर्ज मुळात किती होतं आणि कसं वाढलं याच्या खोलात जायचं. म्हणजे जाळपोळीनंतर चार वर्षांनी का होईना, कागदामागचा माणूस बघा असं कायद्याला सांगावं लागलं. पुढं १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. ‘पत’ हा शब्द पुन्हा बघा, त्याचा अर्थ विश्वासच. एका माणसाच्या जागी गावानंच गावाला धरायचं, ही त्यामागची कल्पना. आज शिरूर-दौंडच्या बाजारपेठेत ज्या पतसंस्थांच्या पाट्या दिसतात, त्यांची वंशावळ अशी १८७५ पर्यंत मागे जाते.

मी हा सगळा इतिहास शब्दांच्या भागात का आणला? कारण ‘शेतकरी देशाचा कणा’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. इंग्रजीत ‘बॅकबोन’, मराठीत ‘कणा’. १८७५ मध्येही सरकारचा सारा याच कण्यावर उभा होता. पण कणा म्हटलं की माणसं खूश होतात आणि वजन टाकायला मोकळी होतात. कण्याचं कौतुक त्याच्या न वाकण्याचं होतं. त्याला दुखतं का, हे कुणी विचारत नाही. दुखायला लागलं हे कळलं ते सुप्याच्या बाजारात धूर निघाल्यावर.

घरातही तेच चालतं. आमच्याकडे आजीला सगळे ‘घराचा खांब’ म्हणायचे. ती शेवटची जेवायची आणि पहिली उठायची. खांबानं बसायचं नसतं, हे त्या कौतुकातच गृहीत होतं. आज ज्याच्या स्टेटसवर ‘माय बॅकबोन’ लिहिलंय, त्या बापाच्या नावावर सोसायटीचं किती कर्ज आहे हे आपल्यापैकी किती पोरांना माहीत असतं?

आणि सगळ्यात वापरातला शब्द तर राहिलाच, ‘आधार’. २०१० मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आता रेशनपासून सिमकार्डापर्यंत सगळीकडे हा शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो, आणि तिथंही अंगठाच द्यावा लागतो. सोय मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण उन्हात राबून बोटाचे ठसे झिजलेली एखादी म्हातारी मशीनसमोर तिसऱ्यांदा अंगठा दाबत असते, तेव्हा आधार नक्की कुणी कुणाला द्यायचा हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

आजच्या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. मेनस्टे दोर आहे, लंगर साखळी आहे, बॉण्ड बंध आहे, तिवड्याला बैल बांधलेले आहेत. आधाराचा जवळजवळ प्रत्येक शब्द बांधण्याचाही शब्द आहे. त्यामुळे कुणाला ‘पिलर’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. फक्त त्याच्यावर काय काय बांधलंय ते एकदा मोजा, आणि त्यातलं आपलं किती आहे तेही बघा.

जाता जाता एक काम. तुमच्या गावात खळ्यातल्या त्या खांबाला काय म्हणायचे? तिवडा, मेढ, मेढा, की आणखी काही? घरातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसाला विचारा आणि आम्हाला कळवा, गावाच्या नावासकट. विचारताना दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. पुढच्या भागात तुमचे शब्द वाचून दाखवतो. भेटू, रामराम.